मानेच्या ऑपरेशननंतरही दुखतंय? तुमचा अनुभव लिहा

माझं ऑपरेशन पुढून झालं, गळ्यावर छोटी चीर देऊन. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली (सी५-सी६) गादी काढली, तिथे हाडाचा तुकडा बसवला, वर प्लेट आणि स्क्रू. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारी कळ भूल उतरली तेव्हाच गेली होती. मान मात्र अजून दुखते. दिवेलागणीला दोन्ही फऱ्यांच्या मधोमध असा ठणका धरतो की पोळ्या अर्ध्यावर सोडून भिंतीला टेकावं लागतं. एक्स-रे छान आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन दबलेली नस मोकळी करायला होतं, मानदुखी पूर्ण जाईलच असं नाही. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन झालं ना, मग आता काय?’ या प्रश्नाला मी कंटाळले आहे.

गोळ्यांची नावं नकोत, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची. तुम्ही दिवस कसा काढता, ते लिहा.

सातारची बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझंही पुढूनच झालं, आणि आवाज गेला. स्वरयंत्राला जाणारी नस तिथूनच जाते, ती दुखावली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून दाखवलं, एक स्वरतंतू नीट हलतच नव्हता. हजेरी घ्यायला लागले की तिसऱ्या-चौथ्या नावाला नुसती हवा निघायची. पाणी पिताना ठसका लागायचा. गिळायचा त्रास सुरुवातीला बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकांचा हळूहळू जातो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढी घाबरले नसते. भाकरी दुधात कुस्करून खायचे, घोट लहान, हनुवटी किंचित खाली. स्पीच थेरपीने आवाज बराचसा आला. वरची पट्टी गेली ती गेली. आता कमरेला छोटा माइक लावते, पोरांना त्याची गंमत वाटते.

अण्णांची मुलगी
वडिलांबद्दल लिहिते. त्यांचा मज्जारज्जूच दबला होता. चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा, शर्टाची बटणं लावता येईनात. ऑपरेशन मागून झालं. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, ‘आहे ते आणखी बिघडू नये म्हणून करतोय, गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही.’ घरी आल्यावर एक दिवस डावा हात खांद्यातून वर जाईना. टोपी घालायला आईला बोलवायचे. खांद्याकडे जाणाऱ्या नसेचा हा त्रास अशा ऑपरेशननंतर काहींना होतो म्हणे. बरेच महिने फिजिओ केल्यावर हात वर गेला. बोटं अजून जड आहेत. आईने सगळ्या शर्टांना टिचबटणं लावली. अण्णा रोज परातीत तांदूळ निवडत बसतात. व्यायाम म्हटलं की चिडतात, ‘तांदूळ निवडून द्या’ म्हटलं की तासभर बसतात.

हडपसरचा रिक्षावाला
मान ठीक. मानेत बसवायला कमरेच्या हाडातून तुकडा काढला तिथे दुखतंय! पँटचा पट्टा नेमका तिथंच घासतो. डॉक्टरांनी सिगारेट बंद केली, म्हणे हाड जुळत नाही. स्पीडब्रेकर दिसला की आधी मला कळ येते, मग पॅसेंजरला धक्का बसतो.

फिजिओ आहे
पेशंट नाही, तरी लिहिते. मणके जुळले म्हणजे स्नायू सुधारले असं नाही. दुखण्यामुळे आधीच ते कमजोर झालेले असतात. जुळलेल्या मणक्याचं काम वर-खालच्या मणक्यांवर पडतं, म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर धरा. रोजचं ओळखीचं दुखणं वेगळं. हातापायात नवी कमजोरी, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप किंवा जखमेतून स्राव, यांपैकी काहीही झालं तर फिजिओकडे नको, थेट सर्जनकडे जा. ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि गळा सुजून श्वास लागला तर क्षणभरही थांबू नका. नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांनी झापड येते, तरी त्या मनाने एकदम बंद करू नका.

थोरली सून
आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. डोक्यावर हंडा घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. प्लास्टर नाही, टाके दिसत नाहीत, मग बायकांच्या नजरेत मी कामचुकार. सासूबाई बोलत नाहीत, पण हंडा उचलताना ‘आई गं’ जरा मोठ्यानेच म्हणतात. मानेचा पट्टा फार दिवस लावला तर मान आळशी होते म्हणून डॉक्टरांनी सोडायला लावला. घरात लावत नाही. लग्नाकार्याला मात्र भरजरी साडीवर मुद्दाम लावून जाते. कुणी पंगतीत वाढायला बोलवत नाही, उलट खुर्ची आणून देतात.

धागाकर्ती
थोरल्या सूनबाई, ही युक्ती मी लगेच उचलते! पुढच्या आठवड्यात भाच्याची मुंज आहे. खुर्ची मिळेल, पण टेबल बुटकं असलं की ताटात बघताना मान वाकतेच. मी ताट हातात धरते, तर थोड्या वेळाने हात भरून येतो. तुम्ही कसं करता?