सीट कापायची की सवय करायची?

एकटांग्या
ओळखीतल्या एका मुलाने कोरी मोटारसायकल घेतली आणि आठवड्याच्या आत सीटचा फोम कापून ती खाली करून आणली. का, तर दोन्ही टाचा टेकत नाहीत. माझं मत सरळ सांगतो, जोडे मारायचे असतील तर मारा: दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात हा हट्ट खुळा आहे.

माझी उंची ५ फूट ४ इंच. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सीट दोनपैकी खालच्या खाचेत म्हणजे जमिनीपासून ८२५ मिमीवर. दोन्ही पाय सोडले तर नुसते चवडे टेकतात, म्हणून मी दोन्ही सोडतच नाही. गाडी थांबता थांबता बूड जरासं डावीकडे सरकवायचं, डावा पाय टाचेसकट खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. चढावर तर तसंही ब्रेक दाबून धरायला उजवा पाय वरच लागतो, मग दुसरी टाच टेकवून करणार काय? सवय व्हायला आठ दिवस आणि कापायला पाच मिनिटं, म्हणून सगळे कापतात.

उतारावरची
एकटांग्यादादा, तुमचा डावा पाय जिथे पडेल तिथे जमीन असते हे तुम्ही गृहीत धरलंय.

माझा किस्सा ऐका. घाटात वळून परत फिरत होते, मागे सामान बांधलेलं. वेग शून्यावर आला, डावा पाय सोडला, आणि डांबर जिथे संपतं तिथे माती चार बोटं खाली होती. पाय टेकेपर्यंत गाडी इतकी कलली की मग ती धरून ठेवणं माझ्याच्याने शक्य नव्हतं. अगदी सावकाश, मला पुरेसा वेळ देऊन पडली. क्लच लिव्हर वाकला, घोटा सुजला. पाय आणखी इंचभर आधी टेकला असता तर ती कललीच नसती. हा सवयीचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे. तुमच्या गाडीचं वजन १९६ किलो. सरळ उभी असेल तर दोन बोटांनी तोलता येते, कलली की दोन माणसं लागतात.

मी सीट २५ मिमी उतरवून घेतली. लाज वगैरे काही वाटत नाही.

एकटांग्या
ताई, घोट्याचं ऐकून वाईट वाटलं. पण उतरत्या कडेला पाय सोडलात ही चूक आधीची. ज्या बाजूला जमीन वर, तो पाय सोडायचा. परत फिरताना तर हेच आधी बघायचं असतं.

उतारावरची
बघितलं असतं हो, मागून ट्रक हॉर्न देत नसता तर.

पाना चौदापंधरा
हात काळे करून पोट भरणारा माणूस आहे, म्हणून मध्ये पडतो. तुम्ही दोघं 'उंची' म्हणताय त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, सीटची रुंदी. माहितीपत्रकात ८२५ लिहिलंय म्हणून तुमच्या पायाला ८२५ लागत नाही. मांड्या जितक्या फाकल्या तितका पाय आखूड पडला. बीएमडब्ल्यू म्हणूनच सीटच्या उंचीसोबत आणखी एक आकडा छापते: एका तळव्यापासून सीटवरून दुसऱ्या तळव्यापर्यंतच्या कमानीची लांबी. माझ्याकडे 'सीट खाली करा' म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम टाकीजवळच्या दोन्ही कडा तासून होतं. वरच्या फोमला हातही लावावा लागत नाही.

दोन, मागच्या शॉकअपचं बसणं. माणूस बसल्यावर चाकाच्या एकूण चालीच्या (वर-खाली होण्याच्या अंतराच्या) साधारण ३० टक्के गाडी खाली जायला हवी. हिमालयनची चाल २०० मिमी, म्हणजे ६० मिमीच्या आसपास. प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, आवळलेला असेल तर तेवढी बसत नाही आणि तुम्ही उगाच चवड्यांवर.

तीन, मागचा शॉकअप चाकाशी जोडणाऱ्या लिंकच्या पट्ट्या बदलून गाडीच खाली करणं. हे लोक फार हलक्यात घेतात. मागची बाजू उतरली की पुढच्या फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कल वाढतो, वळताना गाडी आळशी होते. ते सावरायला फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवायच्या, आणि मग पूर्ण दबल्यावर चाक वर कुठे आपटत नाही ना हे तपासायचं. गतिरोधकावर पोट घासतं ते वेगळंच. आणि साइड स्टँड! तो कापायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. खाली केलेली एक गाडी माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडे आडवी झालीय, कारण स्टँड लांब पडून ती जवळजवळ सरळ उभी होती आणि शेजारच्याने गाडी काढताना नुसता धक्का लागला.

लांबटांग
इथे सगळे खाली जायचंच बोलताय. मी ६ फूट २ इंच. सीटवर वरून ३० मिमी फोम चढवून घेतला, कारण फूटरेस्ट आणि सीटमधलं अंतर कमी पडून तासाभरात गुडघे बोलायला लागायचे. तेव्हा मला कुणी 'आधी सवय कर' म्हणालं नाही. बुटका माणूस सीट कापतो तो भित्रा, उंच माणूस वाढवतो तो जाणकार, हा कुठला न्याय?

जुनी रेक्झिन
लांबटांगचा गुडघ्यांचा मुद्दा उलट बाजूनेही लागू पडतो, तो कुणी मांडला नाही. सीट उतरते, फूटरेस्ट तिथेच राहतात. म्हणजे थांबल्यावर मिळवलेलं सुख चालवताना गुडघ्यांतून वसूल होतं. मी ३० मिमी काढला होता. कारागिराने पिना उपसल्या, हॅक्सॉच्या पात्याने फोम उडवला, ग्राइंडर फिरवला, वर नवं रेक्झिन ताणलं. दिसायला झकास. दीड तासाने फोमखालच्या प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या मोजता येत होत्या, आणि पुढचा उतार असा झाला की प्रत्येक ब्रेकला टाकीवर आदळायचो. शेवटी कंपनीची सीट दुसरी विकत घेतली. कापायचीच असेल तर मूळ सीट माळ्यावर ठेवून दुसऱ्या एखाद्या जुन्या सीटवर प्रयोग करा एवढंच म्हणेन.

उतारावरची
फोम खराब कापला तर त्रास होणारच. माझ्या कारागिराने मला गाडीवर बसवून, मागून फोटो काढून, तीन वेळा थोडं थोडं तासलं. आणि एकटांग्यादादा, सवय हेच औषध असतं तर हार्लेने २०२१मध्ये पॅन अमेरिका स्पेशल या मोटारसायकलला थांबताना आपोआप खाली बसायची सोय कशाला दिली असती? तुमच्याच हिमालयनला ८२५ आणि ८४५ अशा दोन खाचा आहेत. वरच्या खाचेची सवय करा ना मग.

एकटांग्या
हा टोला बरोबर बसला, मान्य.

पानादादांचं वाचून काल प्रीलोड फिरवायचा सी-पाना घेऊन बसलो. मागच्या दिवाळीला सामान लादून गेलो होतो तेव्हा प्रीलोड आवळलेला, तो तसाच होता. सोडवून पूर्वीच्या जागी आणला. आता दोन्ही चवडे पूर्ण टेकतात, टाचा बोटभर वर. एवढ्यात माझं भागतं. एक पाय टेकून थांबायची कला मात्र प्रत्येकाला यायलाच हवी, यावर मी ठाम आहे, सीट कापा नाहीतर नका कापू.

उतारावरची
म्हणजे गाडी तुम्हीही खाली केलीत. फक्त करवत न लावता.

पाना चौदापंधरा
मागची बाजू बसलीय तर हेडलाइट वर गेला असेल. भिंतीसमोर उभी करून बघा.

एकटांग्या
तरीच काल समोरचे सगळे डिपर देत होते. अंधार पडला की बघतो.