फुदेचं टोक फुटतंय, बुडाशी गाठ: कुंचला वाचेल का?

प्रश्न
जपानच्या कुमानो गावचा जाड फुदे, म्हणजे जपानी अक्षरलेखनाचा कुंचला आहे, बकरीच्या केसांचा. रोज नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला जातो. तरी टोक दुभंगतं, आणि केस दांड्यात शिरतात तिथे चिमटीत कडक गाठ लागते. शाई बाटलीतली, म्हणजे बोकुएकी. गरम पाण्यात बुडवून ठेवला तर सुटेल? आणि बारीक फुदेही असाच धुवायचा का?

काजळी
दुखणं टोकाला नाही, बुडाशी आहे. शाई म्हणजे काजळी आणि सरस. नळाची धार वरवरचं धुते, बुडातला सरस तसाच राहून वाळतो, बूड फुगतं आणि केस बाजूला ढकलले जातात.

गरम पाणी नकोच. केसांचा जुडगा दोऱ्याने बांधून, बुडाला डागून मग दांड्यात चिकटवलेला असतो. उष्णतेने तो जोड सैल पडतो आणि केस गळू लागतात. वाटीत कोमट पाणी घ्या, फक्त केस बुडवा, बांबूचा दांडा नाही. दहा मिनिटांनी बूड अंगठा-तर्जनीत धरून हलकेच चोळा आणि टोकाकडे निपटा. पाणी बदलून चार-पाचदा. मग बुडाशी पांढरा टिशू दाबून बघा. राखाडी डाग आला तर अजून शाई आहे. केसांवरचा करडा रंग मात्र जात नाही, त्याच्या मागे लागू नका. साबणही नको, केसांचं तेल जातं.

आधी बाटलीवरचं लेबल वाचा. ‘निकावा’ म्हणजे सरस, तो सुटतो. ‘गोसेई’ म्हणजे कृत्रिम. ती शाई एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही.

उभीरेघ
+१. पण बारीक फुदेला हे अजिबात करू नका. तो टोकाकडून एक तृतीयांशच मोकळा करायचा, बाकीचा भाग शेवाळाच्या खळीने घट्टच राहू द्यायचा. ती खळ गेली की कुंचला पोटातून फुलतो आणि बारीक अक्षर जमत नाही. ओल्या रद्दी कागदावर टोक फिरवून शाई टिपा, झालं.

जाड फुदे टोक खाली करून सावलीत टांगा. नव्या कुंचल्यासोबतची प्लास्टिकची टोपी फेकून द्या, ओल्या केसांवर घातली की बुरशी ठरलेली. कुंचले गुंडाळायची बांबूची चटई नेण्या-आणण्यापुरती. जपानात हा त्रास पावसाळ्याचा, आपल्याकडे कोकणात तर चार महिने.

सहाण
सुझुरीकडे, म्हणजे शाई उगाळायच्या दगडाकडे कुणी बघितलं का? कालची शाई दगडावर वाळली की तिचे कण आजच्या शाईत मिसळतात आणि थेट बुडात जाऊन बसतात. सहाणेसारखीच रोज गार पाण्याने, मऊ स्पंजने धुवा. दगडावर होबो नावाचे सूक्ष्म दात असतात, शाईची वडी त्यांच्यावरच उगाळली जाते. वडी नुसती घसरायला लागली तर घासायच्या खास मऊ दगडाने, पाणी घालून, गोल गोल हलका हात फिरवा. वडी दगडावर ठेवून उठू नका. सरस चिकटतो आणि काढताना दगडाचा टवका उडू शकतो. वडीचं ओलं टोक पुसून ती सावलीत ठेवा, उन्हात तडकते.

प्रश्नकर्ता
लेबलवर ‘गोसेई’ निघालं.

काजळी
मग गाठ सुटायची आशा कमीच. सुया किंवा कंगवा घालू नका, केस तुटतील. कोरड्या, खरखरीत फटकाऱ्यांच्या सरावाला हाच ठेवा, आणि नव्या फुदेला ही शाई लावलीत तर वाळायच्या आत धुवा.