अनुभव धागा : तुमच्याकडे पाऊस केव्हा येतो आणि कुठून?

कर्कवृत्त गुजरातपासून मिझोरमपर्यंत आठ राज्यांतून जाते आणि त्याच्या दक्षिणेचा सारा भारत नकाशावर उष्ण कटिबंधात मोडतो. प्रत्यक्षात मात्र ऋतू ठरवतात ते वारा, डोंगर आणि समुद्र. चार-चार महिन्यांचे तीन ऋतू ही शाळेतली वाटणी कुठे कुठे कोलमडते, हे तिथे राहणाऱ्यांकडूनच वाचायचे आहे. नुसते ‘फार उकडते’ असे न लिहिता पावसावर घरातले आणि शेतातले काय अवलंबून असते, तेही लिहावे, ही विनंती.

चेन्नईहून : जूनमध्ये पुण्याचे नातलग फोनवर पावसाची चौकशी करतात, तेव्हा इथे पारा चाळिशीला टेकलेला असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक बाष्प सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रिते करून येतात, त्यामुळे आमच्या वाट्याला त्या महिन्यांत संध्याकाळच्या वादळी सरींपलीकडे फारसे काही उरत नाही. ऑक्टोबरात वारे फिरतात, ईशान्येकडून येताना बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात, आणि वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस डिसेंबर संपेपर्यंत पडतो. पावसाची सुट्टी शाळांना जुलैत नव्हे, नोव्हेंबरात मिळते. २०१५ चा महापूरही नोव्हेंबर-डिसेंबरातलाच.

तंजावरहून : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण पावसाचे वेळापत्रक पूर्णपणे कावेरीचे आहे. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. ते धरण भरते मात्र कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) डोंगरांत आणि कावेरीच्या वरच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाने, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आमच्यापर्यंत आभाळातून नव्हे, नदीतून येतो. त्यावर कुरुवै भात निघते, आणि पुढच्या सांबा भाताला ईशान्य मोसमी पावसाचा आधार लागतो. एकाच शिवाराला असे दोन पावसाळे पोसतात, त्यातला एक परराज्यात पडतो; म्हणून कर्नाटकातल्या जुलैच्या पावसाची बातमी इथे गावातली बातमी असल्यासारखी वाचली जाते. (पाणीवाटपाच्या वादात इथे शिरत नाही, त्याला दुसरा धागा लागेल.)

माण तालुक्यातून : ऋतू बदललेला पाहायला राज्य ओलांडायची गरज नाही. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात तो पाचशेच्या आसपास अडखळतो. मृग कोरडा गेला तरी आम्ही हबकत नाही. आमची खरी भिस्त परतीच्या पावसावर असते, कारण उत्तरा आणि हस्त हुकले की रब्बी ज्वारीची पेर हुकते आणि पुढचा उन्हाळा चारा छावणीत काढावा लागतो.

नागपूरहून : समुद्र दोन्ही बाजूंनी दूर असल्याने इथे ऊन आणि थंडी दोन्ही टोकाची. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंश, अशा दोन्ही नोंदी याच शहराच्या आहेत.

शिलाँगहून : सोहरा (म्हणजे चेरापुंजी) आणि मौसिनराम बांगलादेशच्या सपाटीवरून एकदम वर उठणाऱ्या कड्यावर आहेत, म्हणून उपसागराचे बाष्प तिथेच अडते, मौसिनरामची वार्षिक सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या घरात जाते. तरीही हिवाळ्यात सोहऱ्याच्या बायका पाण्यासाठी लांब चालतात, कारण उतारावरून आणि चुनखडीच्या भेगांतून पाणी निघून जाते आणि ते धरून ठेवणारे जंगल आणि माती पूर्वीसारखी उरलेली नाही.

दिल्लीहून : इथे जानेवारीतही पाऊस येतो, आणि तो भूमध्य समुद्राकडून सरकणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे येतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार त्या महिन्यातले ढग पाहून फवारणीचा खर्च मोजू लागतो, तर हरियाणातला गहूवाला त्याच ढगांची वाट पाहतो, कारण त्या पावसाने ओलिताची एक पाळी वाचते. गारा पडल्या तर मात्र तोही कपाळाला हात लावतो.