सिझरचा टक्का प्रसूतिगृहाच्या दारावर लावावा का?

मेथीची_जुडी: 2017 मध्ये सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) यादीतल्या रुग्णालयांना नॉर्मल आणि सिझरचं प्रमाण दर्शनी भागात लावायला सांगितलं होतं. कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशभरात खासगीत 47.4 टक्के, सरकारीत 14.3 टक्के बाळंतपणं सिझरने झाली. नाव घालायच्या आधीच हा आकडा बाईला दिसला पाहिजे. लपवायचं कशाला?

टाका_आडवा: नुसता टक्का दिशाभूल करतो. समजा, दोन्हीकडे शंभर बाळंतपणं. 'अ'कडे 50 जणींचं आधी सिझर झालेलं, त्यातल्या 45 जणींचं पुन्हा सिझर. उरलेल्या 50 पैकी 15. एकूण 60 टक्के. 'ब'कडे आधीच्या सिझरच्या 10, त्यातल्या 9; उरलेल्या 90 पैकी 36. एकूण 45. पाटीवर 'ब' चांगलं दिसतं, पण पूर्वी सिझर न झालेल्या बाईला तिथे 40 टक्के धोका, 'अ'कडे 30. अवघड केस घेणाऱ्यालाच पाटी शिक्षा करते.

मेथीची_जुडी: मग रॉबसनचे दहा गट लावा, म्हणजे आधीची बाळंतपणं, बाळाची स्थिती, आठवडे, कळा यांवरून बायकांची केलेली वर्गवारी, आणि टक्का गटवार दाखवा. पहिलटकरीण, एकच मूल, डोकं खाली, 37 आठवडे पूर्ण, कळा आपसूक: हा गट 1. इथे पायाळू, जुळं, आधीचं सिझर या सबबीच उरत नाहीत.

टाका_आडवा: गट ठरतो नोंदीवर. कळा वाढवायला ऑक्सिटोसिन (कळांचं औषध) दिलं तर ती गट 1 मध्येच राहते. कळा आणायला दिलं की गट 2. गट 1 चा आकडा जाहीर होणार म्हटल्यावर रेंगाळलेली केस 'कळा आणल्या' म्हणून लिहिली जाईल.

निळी_शाई: त्यावर उपाय आहे. दाखल होताना गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं होतं, ऑक्सिटोसिन किती वाजता लावलं, हे पार्टोग्राफवर, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या तक्त्यावर, असतंच. गट 2 चाही आकडा शेजारी छापा, मग पळवाट बुजते. आणि सोबत बाळाचा पाच मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर तब्येतीला दिलेले 10 पैकी गुण) 7 च्या खाली किती, रक्त किती जणींना द्यावं लागलं, मोठ्या रुग्णालयात पुढे पाठवल्या किती, हेही हवंच. नाहीतर टक्का राखायला सिझर लांबवलं जाईल, आणि ते बाळाच्या जिवावर बेतेल.

टाका_आडवा: आणि वर्षाला 40 बाळंतपणांचं गावातलं प्रसूतिगृह? चार सिझर इकडेतिकडे झाली की टक्का 10 ने हलतो.

निळी_शाई: त्यांचे तीन वर्षांचे आकडे एकत्र लावा, टक्क्याशेजारी एकूण बाळंतपणंही लिहा.

टाका_आडवा: आणि रजिस्टर तपासणार कोण? तपासणारा माणूस नेमल्याशिवाय पाटीला माझा विरोधच.