मदत हवी आहे : जुन्या पत्रातला 'ता॥' म्हणजे तारीख की तागायत?

नमस्कार मंडळी. खापरपणजोबांचं एक मोडी पत्र ट्रंकेत सापडलं, शके 1790 चं, म्हणजे इसवी सन 1868. कडा वाळवीने खाल्ल्यात, अक्षर मात्र टपोरं. थोडंफार मोडी येतं म्हणून लावत बसले आणि एका 'ता॥' पाशी अडले.

सुरुवात अशी : 'येथील कुशल ता॥ चैत्र शु॥ 5 जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.' शेवटी पत्त्यात 'ता॥ वाई'. तो तालुका, हे उघड आहे. पण पहिला? आधी 'तारीख' वाचलं, पण पुढे तर तिथी आहे! मग वाटलं, हा 'तागायत' असावा : पंचमीपर्यंत आम्ही खुशाल.

फारसीत 'ता' हा सबंध शब्दच आहे, अर्थ 'पर्यंत'. 'गायत' म्हणजे शेवट, मूळ अरबी. आपला 'आजतागायत' त्यातूनच आला. 'तहहयात'मध्येही हाच 'ता' आहे, फक्त रूप बदललेलं.

जाणकारांनो, इथे 'ता॥' हे 'तागायत'चं संक्षिप्त रूप, की फारसी 'ता' जसाच्या तसा? मोडीत पुढच्या दोन दंडांवरून ते ठरवता येतं का? तुमच्या घरच्या पत्रांत असा मजकूर असेल तर कृपया ती ओळ इथे लिहा. लिप्यंतर करून सगळ्या भावंडांना द्यायचंय, चूक राहायला नको.