मामा-मामींच्या नावाने शिष्यवृत्ती: द्यावी का, आणि कोणाला?

सावनेरची_भाची
माझे मामा-मामी एका वर्षाच्या आत, पाठोपाठ गेले. मूलबाळ नव्हतं. रामदासपेठेतल्या त्या घरी सोफ्यावर कुत्री आणि पाहुणे खाली सतरंजीवर, असा कारभार. ट्रकखाली पाय गेलेली एक कुत्री तर मामीने अकरा वर्षं सांभाळली. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातले १० लाख मुदत ठेवीत टाकायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला मदत करायची, असं माझं मत. ७ टक्के धरले तर वर्षाला ७० हजार होतात. मावसभाऊ म्हणतो, त्यापेक्षा गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करा. तुम्हाला काय वाटतं?

धंतोलीकर
मावसभावाचं बरोबर आहे. पोरगं तुमचे पैसे घेऊन शिकेल आणि पुण्यात एसी क्लिनिक टाकून पर्शियन मांजरांची नखं कापत बसेल. इकडे रात्री अकरानंतर स्कूटरवरून आमच्या चौकात येऊन दाखवा. प्राणीप्रेमी दूध-पोळी घालून घरी जातात, पोटऱ्या आमच्या फाटतात. मामींबद्दल आदर आहे, पण त्यांच्या पैशावर पहिला हक्क त्यांच्या गल्लीचा.

गमबूट_आणि_अ‍ॅप्रन
मी सेमिनरी हिल्सच्या त्याच महाविद्यालयात इंटर्न आहे, म्हणून बोलतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या मान्यतेशिवाय तो कार्यक्रम कोणालाही राबवता येत नाही. शस्त्रक्रिया करून, रेबीजची लस टोचून कुत्रं सहसा पकडलं तिथेच परत सोडायचं असतं. शिवाय धंतोलीकर काका, मादीचं पोट उघडून गर्भाशय काढायला शेवटी लागतो पशुवैद्यच. तो कुठून येणार?

आमचा कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. सरकारी शिष्यवृत्तीने फीचा भार हलका होतो, पण मेसचं बिल, पुस्तकं आणि गावोगावच्या शिबिरांचं भाडं ज्याचं त्यालाच बघावं लागतं. माझा रूममेट दुसऱ्या वर्षी दोन महिने दोन वेळचं जेवण एका डब्यात भागवत होता. ७० हजारांत त्याचं वर्ष निघालं असतं.

काटोलचा_संत्रेवाला
द्या ना भाऊ, पण अट घालून द्या. मागच्या पावसाळ्यात मायी गवळाऊ गाय अडली. रात्रीचे दोन. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. तीन डॉक्टरांले फोन लावले, एकानंही उचलला नाही. सकाळी गाय वाचली, वासरू गेलं. जो पोरगा लिहून देईन का पाच वर्षं खेड्यात राहीन, त्यालेच पैसे द्या.

गमबूट_आणि_अ‍ॅप्रन
दादा, वासराचं ऐकून वाईट वाटलं. पण ७० हजारांत पाच वर्षांचा बाँड कोण लिहून देणार? लिहून दिला तरी वसुलीला ताई कोर्टात जाणार का? २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा इंटर्न पोरं-पोरी गोठ्यागोठ्यांत लस टोचत फिरली, त्यांना कोणी बाँड घातला नव्हता.

काटोलचा_संत्रेवाला
फिरली खरी, आमच्या गोठ्यातबी आली होती. पण रोग गेला का तीबी गेली. रात्री दोनले कोन येईन?

धंतोलीकर
काहीही म्हणा, मला नाही पटत. निदान निम्मे पैसे तरी कुत्र्यांच्या लसीला ठेवा.

सावनेरची_भाची
निम्मे केले तर दोन्हीकडे तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल, ते नको. बाँडही नको. पण संत्रेवाल्या दादांचा मुद्दा डोक्यातून जात नाही. पहिल्या वर्षाच्या टॉपरला न देता, इंटर्नशिपला लागणाऱ्या, शेतकरी किंवा गोपालकाच्या घरच्या मुला-मुलीला दिली तर? घरी गोठा असलेल्यांपैकी निदान काही जण तरी गावाकडे परततात, असा माझा अंदाज. मामीला मात्र कुत्र्यांवर जीव लावणाराच आवडला असता, हेही खरं.

गमबूट, निवड प्राध्यापकांवर सोडावी की आमच्या घरचं कोणी समितीत असावं?

गमबूट_आणि_अ‍ॅप्रन
घरचं एक माणूस ठेवाच, ताई. आणि पैसे सत्र सुरू होतानाच द्या. मार्चमध्ये सत्कार करून चेक दिला तर तोवर त्याने मित्रांकडून उसने घेतलेले असतात.

धंतोलीकर
सत्काराला शाल-श्रीफळ नको, एवढं तरी माझं ऐका.