अग्निशमन दलात अधिकारी व्हायचंय: खासगी डिप्लोमा घ्यावा का?

हडपसरकर
बीएस्सी केमिस्ट्री झालंय. पुढे अग्निशमन प्रशासनात अधिकारी म्हणून जायचंय. पुण्यातली एक संस्था वर्षभराचा 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोमा देते, नोकरीची हमी सांगते. घेऊ का? आणि दलात नाही जमलं तर कंपन्यांत काय काम असतं?

भवानी पेठ
फी भरायच्या आधी महापालिकेच्या जुन्या भरती जाहिराती काढा आणि अर्हतेचा रकाना नीट वाचा. फायरमनसाठी मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. अधिकारीपदाला नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब ऑफिसर (अधिकाऱ्यांतलं सुरुवातीचं पद) कोर्स किंवा त्याच्या तोडीचा. डिप्लोमा त्यात बसत नसेल तर मैदानी चाचणीत पहिले आलात तरी कागदपत्र पडताळणीत बाद. तुम्ही पदवीधर आहात, थेट सब ऑफिसरकडेच बघा. फायरमन, तांडेल (फायरमनच्या वरचं पद), मग अधिकारी ही वाट फार लांबते. नागपूरची बीई फायर बारावीनंतरची, ती सोडा. पुरुषांसाठी साधारण उंची 165 सें.मी., छाती 81 आणि फुगवून 86 लागते. फुगवणीचे 5 सें.मी. ऐनवेळी भरत नाहीत, आत्तापासून पळायला लागा.

एनओसीवाला
अधिकाऱ्याचा बराच वेळ फायलीत जातो, हे आधीच कळलेलं बरं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 आणि राष्ट्रीय इमारत संहितेचा भाग 4 पाठच हवेत. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म 'ब' (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घेऊन तो दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यायचा असतो. पण कागदावर विसंबू नका, आकडे मांडा. 2280 लिटर प्रतिमिनिटाचा पंप अर्धा तास चालवायला 68,400 लिटर पाणी लागतं. टाकी 50,000 लिटरची असेल तर 22 मिनिटांत कोरडी. त्यात सोसायटीने वापराचं पाणी त्याच टाकीतून उचललं, तर तेवढंही उरत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह (पाण्याचा पाइप जोडायचा नळ) उघडून दाब बघा; खाली पंपाजवळचा गेज बघून सही करणं मला धोकादायक वाटतं.

चाकण सेफ्टी
दलाबाहेरही काम भरपूर आहे: चाकण-रांजणगावचे कारखाने, मोठी हॉस्पिटलं, परवानाधारक एजन्सी. मात्र कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा करा, शिवाय कारखान्यातला अनुभव लागतो. पंपरूम तपासताना आधी पॅनेलचा सिलेक्टर (पंप 'ऑटो'वर की 'मॅन्युअल'वर ते ठरवणारा खटका) बघायचा. जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) गळतीमुळे सारखा चालू-बंद होतो, आवाजाला कंटाळून ऑपरेटर तो 'मॅन्युअल'वर टाकतो. मग लाइनचा दाब हळूहळू उतरतो. मुख्य पंपही 'मॅन्युअल'वर असेल तर आग लागल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. गळती शोधायला लावा: बहुतेकदा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) नाहीतर होज रीलचा (चाकावर गुंडाळलेल्या पाइपचा) नोझल. डिझेल पंपाची बॅटरी आणि टाकीतलं डिझेल दर आठवड्याला, पंप प्रत्यक्ष चालवूनच तपासायचं.